दोन महिन्यांत दुसऱ्यांदा क्लच गेला, वर तिसरा गिअरही निसटतोय (२५१५, दहा चाकी ट्रक)

कोयनाकाठ · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाडी २५१५, दहा चाकी, २००६ ची. माझीच आहे आणि मीच चालवतो, १९ वर्षं झाली स्टिअरिंगवर. जयगडहून खत भरायचं, चिपळूण, पोफळी, कुंभार्ली घाट चढून पाटण, कराड. खाली जाताना मिळेल ते, बहुतेक वेळा वीट किंवा साखर.

एप्रिलमध्ये भरलेली गाडी घाट चढताना क्लच स्लिप व्हायला लागला. ॲक्सिलेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र उचलत नाही. निम्म्या घाटात जळका वास आला. कशीबशी वर आणली, पण हेळवाकला गाडी पूर्णच बसली. दुसऱ्या गाडीला टोचन लावून कराडला आणली. क्लचची प्लेट, तिला दाबून धरणारं प्रेशर, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सगळं नवीन टाकलं, नावाजलेल्या कंपनीचं, बिलासकट.

आता जूनचा शेवट आहे. दोन महिने पूर्ण झाले नाहीत तोवर परत तेच. चौथ्यात टाकून जरा दाबली की आरपीएम वर जातो आणि गाडी तिथेच. शिवाय एक नवीन त्रास: घाट उतरताना तिसऱ्या गिअरची दांडी आपोआप न्यूट्रलला येते. हाताने धरून ठेवावी लागते.

मिस्त्री म्हणतात, तुम्ही हाफ क्लचवर, म्हणजे पाय पेडलवर ठेवून चालवता, दुसरं काही नाही. क्लच सेट परत टाका आणि गिअरपेटी जुन्या बाजारातून दुसरी बसवा. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एक क्लच दीड-दोन वर्षांच्या आत कधी गेला नाही. पैसे घालायच्या आधी कारण कळावं एवढीच इच्छा आहे. सल्ला द्या.

---

घाटमाथा · सोमवार, रात्री १०.०५

बाकीचं जाणकार सांगतील. मी एवढंच सांगतो: तिसरा निसटतोय तोवर भरलेली गाडी घाटात खाली नेऊ नका. उतारावर गिअर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि पळत्या गाडीत परत गिअर पडेलच असं नाही. काही ड्रायव्हर दांडीला जुन्या ट्यूबची पट्टी बांधून सीटला अडकवतात. तसं अजिबात करू नका. दांडी जागेवर दिसते, आत दात सुटलेले असतात.

---

बेल हाऊसिंग · मंगळवार, सकाळी ७.१५

सांगलीत माझं वर्कशॉप आहे, फक्त जड गाड्यांचं. दादा, पेटी उतरवायची घाई करू नका. पेटी एकदा खाली आली की निम्मे पुरावे पुसले जातात. आधी या गोष्टी बघून इथे लिहा.

पहिलं, एप्रिलमध्ये काढलेली जुनी प्लेट कुठे आहे? ती मिळाली तर अर्धं काम झालं. अस्तर रिबिटपर्यंत सारखं झिजलेलं असेल तर ते वयाने गेलं. अस्तर जाड आहे पण काळं, चकचकीत आणि मधल्या हबकडून बाहेरच्या बाजूला तेलकट रेषा गेलेल्या असतील तर प्लेटीने तेल खाल्लंय. फ्लायव्हीलवर (इंजिनचं जड चाक, प्लेट त्यावर दाबून बसते) निळे डाग आणि बारीक तडे दिसले तर ती खूप तापलीय. मालकाला जुनी प्लेट दाखवल्याशिवाय भंगारात टाकूच नये.

दुसरं, बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या, तळाला एक भोक असतं. गाडी सपाट जागी उभी करून त्यात बोट घाला. कोरडी काळी पूड येते की ओल लागते?

तिसरं, पेडलला मोकळीक किती आहे? पायाने नाही, हाताने दाबून बघा. वरून थोड्या अंतरापर्यंत पेडल अगदी हलकं जायला हवं. मोकळीकच नसेल तर बेअरिंग प्रेशरच्या बोटांवर सतत टेकून राहतं आणि नवी प्लेटसुद्धा महिनाभरात जाते.

चौथं, स्लिपची खात्री करून घ्या. गाडी रिकामी, सपाट, मोकळी जागा, समोर कोणी उभं नको. चाकांना लाकडी उटी लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन आयडलला ठेवून चौथा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन धाडकन बंद पडेल. इंजिन चालूच राहिलं तर स्लिप आहे. हे एकदाच करायचं, दोन-तीन सेकंद, परत परत नाही.

---

नाका ते नाका · मंगळवार, सकाळी ९.३०

मला वाटतं मूळ ओव्हरलोडमध्ये आहे. २५१५ मध्ये २५ म्हणजे एकूण २५ टन आणि १५ म्हणजे साधारण १५० अश्वशक्ती. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्राने तीन आसांच्या गाडीची मर्यादा २५ वरून २८.५ टन केली. कागदावर साडेतीन टन वाढले, पण जुन्या गाडीची क्लच प्लेट तीच ३५२ मिमीची, स्प्रिंगा त्याच, इंजिन तेच. आमच्याकडे त्यानंतर क्लच लवकर जायला लागले. कुंभार्लीसारख्या घाटात हा फरक लगेच दिसतो.

---

कोयनाकाठ · मंगळवार, रात्री ८.२०

बेल हाऊसिंग दादा, मनापासून आभार. आज गाडी उभीच ठेवली.

जुनी प्लेट भंगारात गेली. विचारलं तर म्हणाले, कालच वजनावर दिली. कशी होती कोणालाच आठवत नाही. तेव्हा मीही बघितली नाही, गाडी लवकर सुरू व्हावी एवढंच डोक्यात होतं.

पेडलला मोकळीक आहे, साधारण दोन बोटं. चौथ्यात टाकून बघितलं तर इंजिन बंद पडलं नाही, रेंगाळत चालूच राहिलं. म्हणजे स्लिप नक्की.

तळाच्या भोकात बोट घातलं तर ओल लागली. काळपट चिकट. माझी समजूत आहे की इंजिनचं मागचं सील गेलंय.

नाका ते नाका, मी २५ टनांवर भरत नाही. खताची पोती मोजून असतात, काट्याची पावती प्रत्येक फेरीला असते. आणि आधीचा क्लच याच मालावर दोन वर्षं चालला होता.

---

गिअरदात · मंगळवार, रात्री ९.५०

मी पिंपरी-चिंचवडला गिअरपेट्यांच्या डिझाइनमध्ये काम करते. तेल आहे हे खरं, पण एक दुसरी शक्यता आधी बाजूला काढा, कारण ती फुकटात तपासता येते.

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल सोडल्यावर नळीतलं प्रेशर पूर्ण उतरायला हवं. वरच्या पंपातलं परतीचं बारीक भोक कचऱ्याने बुजलं असेल, किंवा कोणी ब्रेक ऑइलऐवजी साधं ऑइल घातल्याने रबरी कप फुगले असतील, तर प्रेशर आत अडकून राहतं. पेडल वर आलेलं दिसतं, तरी खालचा पंप रिलीज बेअरिंगच्या फोर्कला ढकलतच असतो. बूस्टरचा (हवेच्या जोरावर पेडल हलकं करणारा) पिस्टन अडकला तरी हेच होतं. मग प्लेट अर्धवट दाबलेली राहते आणि स्लिप होते. ड्रायव्हरचा पाय पेडलवर नसताना हाफ क्लचचा आरोप मात्र त्याच्यावर येतो.

तपासायचं असं: स्लिप होत असताना गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि खालच्या पंपाचं हवा काढायचं निपल सैल करा. ऑइल पिचकारीसारखं जोरात उडालं आणि त्यानंतर स्लिप थांबली, तर दोष पंपात किंवा बूस्टरमध्ये आहे. पेटी उतरवायची गरजच नाही. ऑइल नुसतं ओघळलं तर ही बाजू ठीक आहे, आतच बघावं लागेल.

---

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ११.३०

धाग्यात मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या १६१३ ट्रकला क्लच दाबला की खरखर आवाज येतो, सोडला की जातो. पेटी गेली का?

---

बेल हाऊसिंग · बुधवार, सकाळी ६.५०

रात्रपाळी, पेटी नाही, बहुधा रिलीज बेअरिंग. गाडी न्यूट्रलला, इंजिन आयडलला ठेवून ऐका. पेडल हलकं टेकवल्याबरोबर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना आवाज आहे आणि पूर्ण दाबल्यावर बंद होतो तर पेटीच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, कारण क्लच दाबला की पेटी फिरायची थांबते. आणि गिअर टाकून पेडल पूर्ण दाबलेलं असतानाच चिरचिर येत असेल तर फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग. रिलीज बेअरिंग आहे म्हणून लगेच पेटी उतरवू नका, पण फार दिवस लांबवूही नका. ते जाम झालं की प्रेशरची बोटं खातं, मग पूर्ण सेटचा खर्च.

कोयनाकाठ दादा, ती ओल कोणत्या ऑइलची आहे ते वासावरून ठरवा. इंजिनचं ऑइल काळंकुट्ट आणि पातळ असतं, वास जळक्या डिझेलचा. गिअर ऑइल दाट असतं, बोटांत तार धरतं आणि त्याला सडक्या अंड्यासारखा गंधकाचा उग्र वास येतो. प्लेटीच्या पुडीने दोन्ही काळी दिसतात, म्हणून रंगावर जाऊ नका. पांढऱ्या कागदावर एक थेंब घासून वास घ्या.

---

कोयनाकाठ · बुधवार, संध्याकाळी ६.१०

निपल सैल केलं. ऑइल नुसतं ओघळलं, पिचकारी नाही. बूस्टरही कोरडा आहे, हवेची गळती नाही. ती बाजू सुटली.

वास घेतला. गंधकाचा आहे. शेजारच्या मिस्त्रीच्या पोराला न सांगता हुंगायला दिला, तोही म्हणाला गिअर ऑइल. मग पेटीचा बाजूचा लेव्हलचा बोल्ट खोलला. करंगळी वाकवून आत घातली तरी ऑइल लागत नाही. मी दीड लिटर टाकलं तेव्हा ते भोकाला आलं. म्हणजे एवढं ऑइल दोन महिन्यांत पुढच्या बाजूने क्लचमध्ये गेलं. एप्रिलमध्ये पुढचं सील बदललं होतं का, विचारलं. हो म्हणतात, बदललं, बिलातही आहे.

मग नवीन सीलमधून ऑइल जातंय कसं?

---

बेल हाऊसिंग · बुधवार, संध्याकाळी ७.००

ब्रीदर बघा. पेटीच्या वरच्या कव्हरवर अंगठ्याएवढी टोपी असते, तिला बारीक भोकं. आत्ताच जाऊन बघा आणि सांगा.

---

कोयनाकाठ · बुधवार, रात्री ८.४५

दादा, बघितलं. टोपी सापडायलाच वेळ लागला, कारण वर चिखल आणि त्याखाली काळा रंग. फेब्रुवारीत पासिंगला नेण्याआधी चॅसीला रंग मारून घेतला होता. पंपाने मारताना त्या पोराने खालून-वरून सगळंच काळं केलं. टोपीची भोकं रंगाने पूर्ण भरलीत. सुईने टोकरलं तर रंगाचा पापुद्रा निघाला. 

---

बेल हाऊसिंग · बुधवार, रात्री ९.१०

सापडलं. घाटात पेटी तापते, आतली हवा फुगते. ब्रीदर उघडा असेल तर ती तिथून निघून जाते. तो बंद असेल तर हवा ऑइलला ढकलते आणि ऑइल सगळ्यात कमजोर जागेतून बाहेर पडतं. सील शाफ्टवर फिरतं ऑइल अडवण्यासाठी असतं, आतलं प्रेशर पेलण्यासाठी नाही. तुम्ही दहा सीलं बदलली असती तरी हेच झालं असतं. फेब्रुवारीत रंग, एप्रिलमध्ये क्लच. तारखासुद्धा जुळतात.

यात तुमच्या पायाचा दोष नाही.

---

नाका ते नाका · बुधवार, रात्री ९.३०

मान्य. माझा अंदाज चुकला. उद्या माझ्या दोन्ही गाड्यांचे ब्रीदर बघतो, दोन्हींना याच वर्षी पासिंगचा रंग मारलाय.

---

गिअरदात · बुधवार, रात्री १०.२०

ब्रीदरने क्लचचं उत्तर मिळालं, तिसऱ्या गिअरचं नाही. मला एक गोष्ट विचारायची आहे. एप्रिलमध्ये हेळवाकहून कराडला टोचन लावून आणली, ते अंतर ५५ किलोमीटरच्या आसपास भरेल. तेव्हा मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडला होता का?

---

कोयनाकाठ · बुधवार, रात्री १०.३५

नाही. न्यूट्रलला ठेवून आणली. न्यूट्रलला असताना पेटीला काय होणार?

---

गिअरदात · बुधवार, रात्री ११.१५

बहुतेक जण असंच समजतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेटीत ऑइल तळाशी असतं. ते वर उडवायचं काम खालचा काउंटर शाफ्ट करतो, त्याचे गिअर ऑइलात बुडलेले असतात. हा शाफ्ट फिरतो इंजिनमुळे. इंजिन बंद असेल तर तो थांबलेला, आणि ऑइलही तळाशी शांत पडलेलं.

वरचा मेन शाफ्ट मात्र मागच्या चाकांना प्रोपेलर शाफ्टने जोडलेला आहे. गाडी ओढली की तो जोरात फिरतो. त्याच्यावरचे गिअर काउंटर शाफ्टच्या दातांत अडकलेले, म्हणून ते जागच्या जागी. म्हणजे थांबलेल्या गिअरच्या पोटात शाफ्ट कोरडा फिरतोय, मध्ये फक्त नीडल बेअरिंग. तासाभरात तिथलं उरलंसुरलं ऑइल संपतं. तुमच्या पेटीत तर ऑइल आधीच कमी झालेलं होतं.

ते बेअरिंग खाल्लं गेलं की गिअर शाफ्टवर डुलायला लागतो. स्लीव्हचे, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याचे, दात त्याच्या दातांवर सरळ बसत नाहीत, तिरके टेकतात. चढताना भार एका बाजूने असतो तेव्हा निभावतं. उतारावर चाकं इंजिनला ढकलतात, भार उलटतो आणि तिरके दात स्लीव्हला बाहेर सरकवतात. तुमचा गिअर उतारावरच सुटतो, तेही टोचन झाल्यानंतरच. माझा संशय तिथे आहे. पण खात्री पेटी खोलल्यावरच होईल. कव्हरमधली स्प्रिंग आणि गोळी, स्लीव्ह सरकवणारा सिलेक्टर फोर्क, पेटीचे माउंटिंग रबर, यांनीही गिअर सुटतो आणि ते सगळं पेटी न खोलता बघता येतं.

जड गाडी ओढताना प्रोपेलर शाफ्ट सोडायचाच. चार बोल्टचं काम आहे.

---

जुना लेलँडवाला · गुरुवार, सकाळी ५.३०

मी ३४ वर्षं गाडी चालवली, आता घरी असतो. ताईंनी टोचनचं लिहिलं ते अगदी खरं. आमच्या वेळी उस्ताद पाना घेऊन आधी गाडीखाली जायचा, शाफ्ट सोडायचा, मगच साखळी लावू द्यायचा. का ते कधी सांगितलं नाही. आज कळलं.

सिलेक्टर फोर्कबद्दल माझंही थोडं. बऱ्याच ड्रायव्हरचा डावा हात दिवसभर दांडीवर विसावलेला असतो. हाताचं वजन दांडीतून फोर्कवर जातं आणि फोर्क फिरत्या स्लीव्हला घासत राहतो. वर्षभरात त्याच्या टोकांची कड जाते. गिअर पडला की हात स्टिअरिंगवर.

आणि नव्या पोरांना डबल क्लच येत नाही याचं वाईट वाटतं. जुन्या लेलँडच्या कॉन्स्टंट मेश पेटीत त्याशिवाय गिअर पडायचाच नाही. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलेटरचा एक ठोका, परत क्लच, मग खालचा गिअर. सिंक्रो (वेग जुळवून गिअर पडायला मदत करणाऱ्या रिंगा) असलेल्या पेटीतही घाटात खालचा गिअर घेताना हे केलं तर सिंक्रोच्या रिंगा दुप्पट टिकतात, हा माझा अनुभव. कानाने आरपीएम जुळला की दांडी लोण्यात गेल्यासारखी जाते.

---

सांगेकार · गुरुवार, दुपारी १.१०

गोव्यातून लिहितोय. आमची खाणीवरची टिपर. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा गाड्या अंगणात उभ्या राहिल्या, परत २०१८ मध्ये तेच झालं. दोन पावसाळे उभी राहिलेली गाडी सुरू केली तर क्लच दाबूनही गिअर पडेना, नुसता कर्रर. मिस्त्री म्हणाला पेटी गेली. खरं म्हणजे प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती.

ओळखायची सोपी खूण सांगतो. इंजिन बंद असताना सगळे गिअर हलके पडतात आणि इंजिन चालू केल्यावर एकही पडत नाही, तर दोष क्लचचा, पेटीचा नव्हे. इंजिन बंद असतानाही दांडी अडकते तर पेटी किंवा दांडीचं लिंकेज.

आम्ही इंजिन अर्धा तास चालवून तापवलं, बंद केलं, मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारला. गाडी चालू लागल्यावर क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलेटर आणि ब्रेकचे दोन-तीन झटके दिले. फट्‌ आवाज झाला आणि प्लेट सुटली. समोर भरपूर जागा असल्याशिवाय हे करू नये. जुन्या रॉडच्या क्लचला पेडल लाकडाने दाबून ठेवत असत, पण हायड्रॉलिकला त्याचा उपयोग नाही, प्रेशर हळूहळू उतरतं. महिन्यातून दोनदा गाडी सुरू करून अंगणात मागे-पुढे करायची, हाच उपाय आम्हाला लागू पडला.

---

कोयनाकाठ · रविवार, रात्री ९.००

सर्वांना सांगायला आनंद होतोय. शुक्रवारी दुसऱ्या मिस्त्रीकडे पेटी उतरवली, मी स्वतः पूर्ण वेळ बाजूला उभा होतो.

प्लेट दादांनी लिहिली तशीच निघाली. अस्तर नव्यासारखं जाड, पण हबपासून बाहेर सूर्याच्या किरणांसारख्या काळ्या तेलकट रेषा. नखाने खरवडलं तर नखात मेणासारखा थर आला. फ्लायव्हीलची इंजिनकडची बाजू कोरडी, म्हणजे इंजिनचं सील चांगलं आहे. बेअरिंगच्या बाहीवर मात्र गिअर ऑइलची धार.

मग पेटी खोलली. पहिला, दुसरा, चौथा ठीक. तिसरा गिअर हातात धरून हलवला तर सैल दातासारखा डुलत होता. तो बाहेर काढल्यावर आतलं नीडल बेअरिंग निळं-काळं पडलेलं, तीन सुया चपट्या, आणि मेन शाफ्टवर त्या जागी निळा पट्टा. गिअरदात ताई, तुम्ही पेटी न बघता सांगितलं होतं तेच. ते बेअरिंग हातात घेतलं तेव्हा पाटण रस्त्याने टोचनवर आलेलो आठवलं.

पेटी बदलायची गरज नाही म्हणाले. मेन शाफ्ट, तिसरा गिअर, त्याची स्लीव्ह आणि बेअरिंगं नवीन. बाकी पेटी तीच. बसवताना काय सांभाळू?

---

बेल हाऊसिंग · सोमवार, सकाळी ६.३०

छान झालं. बसवताना पुढच्या गोष्टी समोर उभं राहून करून घ्या.

तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत लावायची नाही. धुतली तरी ताप लागला की आतलं ऑइल परत वर येतं. प्रेशर आणि फ्लायव्हील मात्र चांगले असतील तर ऑइल पूर्ण काढून, सँडपेपर मारून वापरता येतील. फ्लायव्हीलवर तडे असतील तर लेथवर तासून घ्या, पण कंपनीने दिलेल्या मापाखाली नाही. हाऊसिंगमधली काळी पूड हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या अस्तरात ॲसबेस्टॉस असू शकतो, तो छातीत जातो. ओल्या फडक्याने पुसा.

पायलट बेअरिंग बोटाने फिरवा, जरा खरखरलं तरी बदला. पेटी खाली असताना ते स्वस्तात होतं. प्लेट सुलट आहे ना ते दोनदा बघा, उलटी बसली की क्लच सुटतच नाही. प्लेट मध्यावर आणायला जुना इनपुट शाफ्ट वापरा. प्रेशरचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फिरत फिरत आवळायचे. एक बाजू पूर्ण आवळली की कव्हर वाकतं, आणि मग गाडी उचलताना थरथरते. आळ मात्र प्लेटीवर येतो.

शाफ्टच्या स्प्लाइनला (खाचांना) ग्रीस अगदी बोटाने पुसल्यासारखं. जास्त लावलं तर ते उडून प्लेटीवर जातं, आणि आपण पुन्हा तिथेच येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पेटी चढवताना तिचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू द्यायचं नाही. शाफ्ट प्लेटीत शिरलाय, बोल्ट लागले नाहीत आणि पोरं चहाला गेली, असं मी खूप वर्कशॉपमध्ये बघितलंय. तेवढ्यात प्लेटीचा हब वाकतो. नवीन प्लेट, पहिल्या दिवसापासून गिअर कर्रर पडतात, आणि कोणालाच कारण कळत नाही. पेटी जॅकवर, चारही बोल्ट लागेपर्यंत जॅक काढायचा नाही.

ब्रीदरची टोपी नवीन घ्या.

---

गिअरदात · सोमवार, सकाळी ८.४०

ऑइलबद्दल एक भर. सिंक्रोच्या रिंगा पितळेच्या असतील तर पेटीत जीएल-४ दर्जाचं ऑइल टाका. मागच्या हाऊसिंगला (डिफरन्शियलला) जीएल-५ लागतं म्हणून तोच डबा पेटीत ओतला जातो. जीएल-५ मधलं रसायन क्राउन-पिनियनसाठी चांगलं, पण ते पितळ खाऊ शकतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच, आणि लेव्हलच्या भोकापर्यंतच. जास्त भरलं तर तेही सीलवर चढतं.

---

रात्रपाळी · सोमवार, रात्री ११.५०

रिलीज बेअरिंगच निघालं. बोटांना फक्त ओरखडे होते. वेळेत कळलं, धन्यवाद दादा.

---

कोयनाकाठ · तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७.२५

उशिरा लिहितोय, पण फेऱ्या झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पहिल्या दोन फेऱ्या हलका माल घेतला, प्लेट बसायला वेळ दिला. तिसरी फेरी पूर्ण भरून, भर पावसात. पोफळीपासून वरच्या वळणापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्यात चढली, कुठेही आरपीएम उडाला नाही. वर धुकं होतं, काचा खाली करून फक्त वास घेत होतो. कसलाच वास नाही. उतरताना तिसरा टाकला आणि हात स्टिअरिंगवर ठेवला, लेलँडवाल्या काकांनी सांगितल्यासारखा. दांडी हलली नाही.

टूलबॉक्समध्ये चार बोल्टच्या मापाचा पाना वेगळा ठेवलाय, प्रोपेलर शाफ्टसाठी. आणि पुढच्या पासिंगला रंग मारायच्या आधी ब्रीदरवर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधायचा, रंग वाळला की काढायचा, हे डायरीत लिहून ठेवलंय.

काल जयगडला माल भरायच्या आधी गाडीखाली जाऊन तळाच्या भोकात बोट घातलं. कोरडी पूड.